गाडगेबाबांचा खराटा आणि फेफऱ्याचा आजार

नांदेडमार्गे येणारी देवगिरी एक्स्प्रेस आणि लातूरहून निघणारी रात्रीची गाडी मुंबईला पोहोचली की उतरणाऱ्या गर्दीत काही माणसे लगेच ओळखू येतात. एका हातात एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात भाकरी-चटणीचे गाठोडे, आणि मध्ये धरून चालवलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. मुलाला फेफरे येते. गावाकडे कोणी त्याला फिट म्हणते, कोणी मिरगी, कोणी झटका. डॉक्टरांच्या भाषेत तो अपस्मार. सरकारी रुग्णालयातला केसपेपर स्वस्त असतो, रोजच्या गोळ्याही फार महाग नसतात. घर मोडते ते बाकीच्या खर्चाने. गाडीभाडे, दोन माणसांचे जेवण, बुडालेली मजुरी आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रात्रीचा निवारा. तपासणीची तारीख चार दिवसांनी मिळाली तर ते चार दिवस राहायचे कुठे?

हा प्रश्न रुग्णालयाच्या नोंदवहीत कुठेच येत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने तो ओळखला होता आणि त्यावर वीट-चुन्याचे उत्तर उभे केले होते. तो माणूस डॉक्टर नव्हता आणि शाळेतही गेला नव्हता. त्याच्या डोक्यावर मडके असे आणि हातात खराटा. संत गाडगेबाबांकडे आपण स्वच्छतेचे आणि कीर्तनाचे बाबा म्हणून पाहतो. आरोग्याच्या अंगाने त्यांचे आयुष्य पाहिले, तर आजही फेफऱ्याच्या रुग्णाची वाट अडवणाऱ्या तीन गोष्टी त्यात भेटतात. त्या म्हणजे अंधश्रद्धा, अस्वच्छता आणि पैशाची चणचण.

दारूने उजाडलेले घर

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. त्यात आधी शेती गेली आणि मग ते स्वतः गेले. तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबू वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, पाणी देणे हीच त्याची शाळा.

दारूचा आणि मेंदूचा संबंध त्या काळी दापुऱ्यात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज तो ठाऊक आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू अचानक बंद केली की पुढच्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ज्याला आधीच अपस्मार आहे, त्याचा आजार दारूने आणि जागरणाने बिघडतो. म्हणून व्यसन सोडतानाही डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. डेबूजींनी मात्र दारूला शत्रू ठरवले ते घर उजाडताना पाहिले म्हणून. पुढे मुलीच्या बारशाला नातलग दारू आणि मटणाच्या जेवणाची वाट पाहत बसले होते, तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोडाधोडाचे वाढले. जातीच्या पंक्तीत ही मोठीच बंडखोरी होती.

मामांच्या घरावरही संकट आले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला, त्यात काय लिहिले आहे हे वाचता आले नाही आणि जमीन हातची गेली. डेबूजी सावकाराच्या माणसांना एकटे सामोरे गेले. अक्षर न कळल्याची आणि हिशेब न समजल्याची किंमत काय असते, हे त्यांनी असे तरुणपणीच पाहिले. पुढच्या आयुष्यात शिक्षण आणि चोख हिशेब या दोन गोष्टींवर त्यांनी जो जोर दिला, त्याचे मूळ इथे असावे.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले, मुले झाली, शेती सावरली. आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, डोक्यावर गाडगे, हातात काठी आणि पुढे खराटा. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी त्यांना गाडगेबुवा म्हणायला सुरुवात केली, मग गाडगेमहाराज, गाडगेबाबा.

नवस, बकरे आणि कांदा

बाबा गावात शिरले की आधी गाव झाडत. गटारे साफ करत, उकिरडे उचलत. दिवसभरात झाडणारे हात एकाचे दहा होत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. कीर्तनात ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. नवसाला बकरे कापणे, अंगात आणणे, मुलाच्या दुखण्यासाठी कर्ज काढून जत्रा करणे यांतला फोलपणा ते वऱ्हाडी बोलीत, हसवत हसवत उघडा करत. देवाला नैवेद्य म्हणून कापलेला जीव कोणाचे दुखणे नेत नाही, हे त्यांनी हजारो सभांमध्ये सांगितले. पाया पडू दिले नाही आणि कोणाला शिष्यही केले नाही.

या प्रबोधनाचा फेफऱ्याशी थेट संबंध आहे. नांदेड-लातूर भागात आजही पहिली फिट आली की अनेक घरांत बाहेरचे लागले, करणी झाली असे म्हटले जाते. देवरुशी, अंगारा, गंडादोरा, नवस या फेऱ्यात महिने जातात, कधी वर्षे जातात. फिटचा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्या वेळी नाकाशी धरलेला कांदा किंवा चप्पल याच्या श्रेयाची मानकरी ठरते. झटका थांबला म्हणून उपाय खरा वाटतो. अंगाऱ्याचेही तसेच. एकदा फिट येऊन गेल्यावर पुढची काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते. मधला काळ शांत गेला की अंगाऱ्याने गुण आला असे घर समजते.

प्रत्यक्षात फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या विद्युतप्रवाहात अचानक उठलेले वादळ. ते चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूची धारदार वस्तू बाजूला करावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळाकडे पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर मात्र रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. एवढे कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

बाबांच्या आयुष्याच्या ऐंशी वर्षांत या आजाराचे शास्त्र पूर्ण बदलून गेले. ते जन्मले तेव्हा ब्रोमाइड हे जेमतेम काम करणारे औषध तेवढे होते. त्यांनी घर सोडल्यानंतर सात वर्षांनी, १९१२ मध्ये, फेनोबार्बिटोनचा फिटवरचा गुण जर्मनीत लक्षात आला. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला, ज्याला आज आपण ईईजी म्हणतो. १९३८ मध्ये फेनिटॉइन आले. ही दोन्ही औषधे आजही वापरात आहेत. म्हणजे बाबा नवसाविरुद्ध बोलत होते तेव्हा नवसाला पर्याय जगात तयार होता. तो खेड्यात मात्र पोहोचलेला नव्हता.

खराट्याने टाळलेली फिट

घर सोडल्यावर बाबांचे पहिले मोठे काम ऋणमोचन येथे झाले. पूर्णा नदीच्या काठावरचे हे यात्रेचे ठिकाण. नदीत उतरताना चिखलातून जावे लागे. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोकांना हाताशी धरून तिथे घाट बांधला. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशी यात्रेची ठिकाणे त्यांच्या खराट्याखाली आली. लाखो माणसे जमतात, वाळवंटात घाण होते, तेच पाणी पोटात जाते आणि यात्रेतून गावोगाव पटकी पसरते, हे त्या काळचे नेहमीचे चित्र होते. पटकीचा जंतू बाबांनी पाहिला नव्हता. घाण आणि मरण यांचे नाते मात्र त्यांना दिसत होते.

त्यांना न दिसलेले आणखी एक नाते पुढे शास्त्राने दाखवले. हिंदुस्थानात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या गोऱ्या सैनिकांना फिट येऊ लागल्या, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्याचा माग काढला. १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण होते डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. त्याच्या अळीच्या गाठी सैनिकांच्या मेंदूत आणि स्नायूंत बसल्या होत्या.

या कृमीचा फेरा समजून घेण्यासारखा आहे. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ले तर पोटात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. तो उघड्यावर बसला तर अंडी मातीत, पाण्यात, भाजीच्या मळ्यात जातात. ती खाणाऱ्या डुकरात पुन्हा गाठी तयार होतात. पण न धुतलेल्या हातातून किंवा कच्च्या भाजीतून तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, तर अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते आणि तिथे गाठ होते. जन्मात मांसाला हात न लावलेल्या माळकऱ्यालाही ही गाठ होऊ शकते, ती याच मार्गाने. गाठ सुकू लागली की आजूबाजूला सूज येते आणि एक दिवस धडधाकट मुलगा शाळेच्या वर्गात कोसळतो. ज्या देशांत हा कृमी सर्रास आढळतो तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर ही गाठ दिसते. योग्य उपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात.

आता बाबांच्या खराट्याकडे पुन्हा पाहावे. गाव झाडणे, उघड्यावरची घाण उचलणे, पाणवठा स्वच्छ ठेवणे हे फेफरे टाळण्याचे काम होते. आनुवंशिक अपस्मार किंवा बाळंतपणात मेंदूला इजा होऊन आलेला अपस्मार खराट्याने टळत नाही. मेंदूतली कृमीची गाठ टळते. महाराष्ट्र सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा नांदेड-लातूरच्या अनेक गावांनी त्यात भाग घेतला. संडास बांधणे, तो वापरणे, साबणाने हात धुणे, भाजी वाहत्या पाण्यात धुणे ही त्या अभियानाची साधी कलमे म्हणजे मेंदूच्या आजारावरची लसच आहे.

पैसा आला कुठून, गेला कुठे

बाबांच्या आयुष्यातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे त्यांचा आर्थिक व्यवहार. चिंध्या पांघरणाऱ्या या माणसाने लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा झाल्या. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर येथे धर्मशाळा, शिवाय गोरक्षण, सदावर्ते, वसतिगृहे आणि आश्रमशाळा. चोखामेळा धर्मशाळेचे महत्त्व वेगळे आहे. विठ्ठलाच्या दारी आलेल्या ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून कोणी ओसरीवर उभे करत नव्हते, त्यांना तिथे छप्पर मिळाले.

पैसा कीर्तनातून येई. शेतकरी आणा-दोन आणे देत, व्यापारी हजार रुपये देत, कोणी विटा देई तर कोणी मजुरी. बाबा पैसा स्वतःजवळ ठेवत नसत. ज्या कामासाठी मागितला त्याच कामात तो गेला पाहिजे आणि लोकांना तो दिसला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. इमारत पूर्ण झाली की ती विश्वस्तांच्या हाती सोपवून ते पुढच्या गावाला निघत. त्या इमारतींवर आपल्या बायको-मुलांचा किंवा नातलगांचा हक्क लागू नये याची त्यांनी काळजी घेतली. कुंताबाई आणि मुले साध्या झोपडीत राहिली. बाबा स्वतः झाडाखाली किंवा झोपडीत झोपत.

या कठोरपणाची किंमत घराने मोजली. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आली. बाबांनी कीर्तन अर्धवट सोडले नाही. हे मोठेपण होते की घरावरचा अन्याय, याचा निवाडा वाचणाऱ्याने आपापला करावा. कुंताबाईंना कोणी विचारले नव्हते.

१९४९ मध्ये बाबा मुंबईत आजारी होते, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना भेटायला आले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. जिथे पोरे शिकतील तिथे इमारत जावी, इतका सरळ तो हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा आला. नोंदणी, हिशेब आणि त्यांची तपासणी संस्थांना बंधनकारक झाली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि विखुरलेल्या कामाला एक चौकट मिळाली. बाबांचे वय तेव्हा ७५ होते. आपल्या माघारी हे काम एका माणसाच्या नावावर नव्हे तर व्यवस्थेवर चालले पाहिजे, हे त्यांनी वेळेत ओळखले.

जे. जे. च्या सावलीत

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. आधीच्या धर्मशाळा यात्रेकरूंच्या होत्या. इथे यात्रा आजाराची होती. खेड्यातला माणूस रुग्णाला खाटेवर पोहोचवतो आणि स्वतः फुटपाथवर झोपतो. चार दिवसांनी पैसे संपतात, मग रुग्णाला अर्ध्या उपचारातून उठवून गावी नेले जाते. उपचार वाया जातो तो असा. नातेवाइकाला छप्पर मिळाले की रुग्ण उपचार पूर्ण करतो. पुढे मिशनने मुंबईत दादरलाही धर्मशाळा चालवली. कर्करोगाच्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आज ती मोठा आधार आहे.

अपस्माराच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण हा आठवड्याभराचा आजार नाही. गोळी रोज, ठरल्या वेळी, किमान दोन-तीन वर्षे घ्यावी लागते. फिट पूर्ण थांबून तेवढा काळ गेला की डॉक्टर हळूहळू ती कमी करण्याचा विचार करतात. काही जणांना ती आयुष्यभर लागते. गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातली संख्या १ कोटीहून अधिक आहे. योग्य औषध मिळाले तर १० पैकी ७ जण फिटशिवाय जगू शकतात. तरीही खेड्यांतले बरेच रुग्ण उपचाराबाहेर आहेत. औषध शोधून शंभर वर्षे झाली, पण रुग्ण आणि गोळी यांच्यामधला बसचा प्रवास, बुडालेला रोज आणि लोकांची नजर हे अंतर अजून उरलेच आहे.

हेच अंतर कमी करण्यासाठी १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बाबांनी फेफऱ्यासाठी वेगळी संस्था काढली नव्हती आणि या डॉक्टरांपुढे बाबांचा आदर्श होता असेही नाही. पण कामाची जातकुळी एकच. शहरोशहरी शाखा, रुग्ण आणि पालकांचे मेळावे, शाळांतून माहिती, गोरगरिबांसाठी शिबिरे असे तिचे काम चालते. अशा संस्थांकडे मोठ्या इमारती नसतात, त्यांची खरी ठेव म्हणजे डॉक्टरांनी फुकट दिलेला वेळ. देणगीचा रुपया शिबिरातल्या गोळ्यांवर, प्रवासावर आणि पत्रकांवर खर्च होतो. शिबिर एकदा घेऊन भागत नाही. पहिल्या शिबिरात गोळी सुरू झालेला रुग्ण तीन महिन्यांनी परत आला आणि गोळी मिळाली नाही, तर पहिला खर्चही पाण्यात जातो. म्हणून अशा संस्थेचा हिशेब पाहताना किती शिबिरे झाली, यापेक्षा किती रुग्ण वर्षभर गोळी घेत राहिले, हे विचारावे.

काही कामांना पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडसर मानला होता. वेडेपणाच्या रांगेत त्याला बसवले होते. असोसिएशनने यासाठी पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तो उल्लेख गेला. मराठवाड्यात मुलीला फिट येते हे लपवून लग्ने लावली जातात, मग सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, ती चुकते आणि फिट येते. कायदा बदलला हे ज्या घराला ठाऊक आहे, तिथे ही लपवाछपवी थोडी तरी कमी होते. मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन ही संस्थाही ग्रामीण जिल्ह्यांत शिबिरे घेते. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो.

दरम्यान गावाकडचे चित्रही बदलले आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फेफऱ्याच्या बहुतेक रुग्णांचे निदान आणि औषध तिथेच सुरू होऊ शकते. प्रत्येकाला मुंबई गाठण्याची गरज नाही. खासगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत असेल तर ही सवलत हक्काने मागता येते. दानाच्या पैशाला हिशेब असतो आणि तो विचारता येतो, ही बाबांची शिकवण इथे कायद्याच्या रूपात उभी आहे.

शेवटचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. शरीर थकले होते. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांचे प्राण गेले. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.

भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघरांना आसरा आणि अंध, पंगू, रोग्यांना औषधोपचार अशी कामांची यादी त्यांनी मागे ठेवली. या यादीत रोग्याचा आसरा आणि रोग्याचे औषध वेगवेगळ्या जागी असले तरी बाबांच्या इमारतीत ते एकत्र आले होते. मुंबईत तारखेसाठी थांबलेल्या मराठवाड्यातल्या एखाद्या आईला आज अशाच धर्मशाळेत सतरंजी मिळते. रात्री नऊ वाजता ती मुलाला उठवून गोळी देते, पाणी पाजते आणि पाकिटावर पेनाने खूण करते. उद्या त्याला तपासायचे आहे. आजची गोळी चुकली नाही, एवढा हिशेब तिने चोख ठेवला आहे.